रस्त्यालगतच्या दोन ओळी

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका प्रकल्पावरच्या कृषी-अर्थतज्ज्ञ डॉ. शालन कोरगावकर यांनी अहवालात सरळ लिहून टाकलं, ‘आपलं नवं मक्याचं वाण इथल्या शेतकरी बायका फारसं लावत नाहीत.’

मुख्यालयातून आलेल्या संचालकांचा पाराच चढला. “मी आत्ताच गाडीतून गावभर फिरलो. जिकडेतिकडे आपलाच मका! अहवाल बदला, नाहीतर सामान बांधा.”

“बदलते की. फक्त गाडीतून उतरून दहा पावलं चला.”

साहेब कुरकुरत उतरले. रस्त्यालगत दोन ओळी नव्या मक्याच्या, मागे अख्खं शेत जुन्याच मक्याचं!

“दोनच ओळी का?” त्यांनी तिथल्या शेतकरणीला दरडावलं. तिने हसून गाडीकडे बोट दाखवलं.

शालनबाई म्हणाल्या, “साहेब, गाडीच्या काचेतून तेवढंच दिसतं. ही पाहणी बायकांनी आपल्या आधीच केलीय.”