येसबाचं मधोमध

नदीकाठच्या एका गावात एक भोळा न्हावी राहायचा. नाव येसबा. कुणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं करायचं, एवढाच त्याचा दोष.

एकदा बायकोने, भिवराने, त्याला तेल आणायला धाडलं. येसबा धावत गेला, धावत आला. वाटी हातात, तेल वाटेवर.

"अहो, एवढी घाई कशाला? पावलाकडे बघत सावकाश यावं. थेंब सांडू देऊ नये."

"बरं," येसबा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी रावजी पाटलांची कडब्याची गंजी पेटली. सारा गाव पाणी घेऊन धावला. येसबाही निघाला. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर, नजर पावलाकडे. तो पोचला तेव्हा गंजीची राख झाली होती.

"थेंबसुद्धा सांडला नाही!" त्याने सांगितलं.

पाटील उसळले. "अरे, अशा वेळी सुसाट सुटायचं! इकडे पडलं, तिकडे पडलं, बघायचं नाही!"

"बरं."

पुढे पाटील मुलीसाठी स्थळ बघायला निघाले. दारात गाडी जुंपलेली.

"येसबा, दाढी कर. जरा लवकर."

येसबाने वस्तरा सुसाट सोडला. इकडे पडलं, तिकडे पडलं, बघितलं नाही. दाढी गेली. मिशीही गेली, एका बाजूची. पाटलांनी जुंपलेले बैल सोडायला सांगितले.

भिवराने कपाळावर हात मारला. "अहो, कुठे घाई, कुठे सावकाश, ते आपल्या डोक्याने ठरवायचं. मग हात त्याचं ऐकतो."

"माझं डोकं काही बोलतच नाही. तूच सांग."

ती वैतागली. "फार घाई नको, फार उशीर नको. मधोमध राहा!"

"हे सोपं आहे."

चार दिवसांनी पाटील मळ्यातल्या विहिरीत वाकले. मिशी कितपत वाढली, ते पाण्यात बघायचं होतं. पाय घसरला आणि ते आत पडले. जवळपास एकटा येसबा.

"दोर टाक!"

येसबाने टाकला. पाटलांनी तो कमरेला बांधला.

"ओढ लवकर! गारठलो!"

येसबाने हिसका दिला. पाटलांचं डोकं दगडावर आपटलं.

"अरे, हळू! जीव घेतोस का?"

येसबा थबकला. लवकरही आणि हळूही. मग त्याला भिवराचं बोलणं आठवलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने वाकून खाली पाणी बघितलं, वर काठ बघितला, थोडा दोर ओढला, बोटभर सोडला आणि विहिरीकाठच्या जांभळीच्या बुंध्याला पक्की गाठ मारली.

"अरे, थांबलास का?" आतून पाटील ओरडले.

"बरोब्बर मधोमध आहात, पाटील," येसबा म्हणाला. "आता हलू नका."