दोन दोऱ्यांचा खेळ

यंत्रं बोलत असत त्या काळी एका कारखान्यात नावेचा नवा व्हिडिओ गेम तयार झाला. त्याला दांडा नव्हता, बटणं नव्हती. ताक घुसळताना ओढतात तशा दोन दोऱ्या दोन हातांनी ओढल्या की पडद्यावरची नाव पुढे जायची. परीक्षकांनी नाकारला, तर तो भंगारात जाणार होता.

तीन परीक्षक चहाचे कप घेऊन आले. प्रत्येकाने मोकळ्या हाताने एकच दोरी ओढली. नाव जागीच गरगरली.

“साहेब, कप खाली ठेवा ना!” गेम कळवळला.

“चहा गार होईल रे,” ते हसले. “गेम सदोष. रद्द!”

“दोष माझा? दुसरा हात तुम्ही लावलाच नाहीत!” गेम संतापून ओरडला.

तो भंगारात गेला. दोऱ्या तेवढ्या काढून ठेवल्या. त्यांवर आता परीक्षकांचे कप पुसायची फडकी वाळतात.