शेकरूची शेपटी आणि माशासारखी सायकल

एका जंगलात, अगदी कडेच्या झाडावर, एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची मोठी खार. तिला सगळे शेकरूताई म्हणत. झाडावर असली की तिच्यासारखी धीट कुणी नाही. या फांदीवरून त्या फांदीवर अशी झेप घ्यायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. पण जमिनीला पाय लागला, की वाळके पान वाजले तरी ती दचकायची. आणि दचकली की तिची लांबलचक शेपटी पिंजलेल्या कापसासारखी फुलून ताठ उभी राहायची. पुढे काय येईल या काळजीत मागे काय होते आहे, इकडे तिचे कधी लक्षच गेले नव्हते.

मुलांनो, तुम्ही विचाराल, एवढी भित्री होती तर जमिनीवर उतरायचीच कशाला? त्याला कारण होते. जंगल संपले की पुढे मोठा सडा लागे. सडा म्हणजे उघड्या कातळाचे पठार. झेप घ्यायला एक फांदी नाही, लपायला एक झुडूप नाही. सड्याच्या पलीकडे दुसरी राई होती आणि तिथे शेकरूताईची आई राहत होती. आई थकली होती, तिला इकडे येणे शक्य नव्हते. मधल्या सड्यावर राज्य गरुडमहाराजांचे. त्यांनी जंगलाला एकच सवलत दिली होती. "टपालाची तांबडी थैली ज्याच्या पाठीवर असेल, त्याला मी पंजा लावणार नाही. बाकी कुणी दिसला, तर मग माझ्याकडे गाऱ्हाणं आणू नका."

थैली कुणाकडे राहणार, हे दर वर्षी सायकलींच्या शर्यतीत ठरे. सडा ओलांडून जो राईत आधी पोचेल, थैली वर्षभर त्याची. बरीच वर्षे ती शेकरूताईकडेच होती. तिची सायकल आईनेच तिला दिलेली. बांबूच्या बारीक गोल नळ्यांची, सरळ दांड्याची, हिरवीगार, वर पांढरी वेल रंगवलेली. हँडलवर पितळेची घंटी. सड्यावर घंटी वाजली की पलीकडे आई घरट्यातून डोके बाहेर काढी.

गेल्या वर्षी मात्र ती थोडक्यात वाचली. मुंगूसभाऊ सगळी वाट तिच्या मागोमाग चिकटून आला आणि शेवटी बाजूने पुढे निघू लागला. अर्ध्या चाकाने शेकरूताई जिंकली. मुंगूस घाम पुसत गोड हसला आणि म्हणाला, "ठीक आहे ताई. पुढच्या वर्षी बघू."

ते 'बघू' तिच्या मनातून जाईना. थैली गेली तर सड्यावर पाऊल टाकता येणार नाही. आईला भेटायचे कसे? आई घंटीची वाट बघत बसेल, आणि घंटी वाजणारच नाही.

शर्यत जवळ आली तशी ती वानरदादाकडे गेली. हिरड्याच्या झाडाखाली तो सायकली दुरुस्त करत असे.

"दादा, काहीतरी करा. मला आणखी वेग हवाय."

वानराने सायकल उलटसुलट करून पाहिली. "जुन्या वळणाची आहे, बाई. गोल नळीच्या मागे वाऱ्याचे भोवरे होतात, ते गाडीला मागे ओढतात. नळी माशासारखी हवी. पुढून गोलसर, मागे निमुळती. मासा पाण्यातून कसा सुळकन जातो?"

"पण ती सायकलसारखी दिसेल का?"

"वारा रूप बघत नाही."

वानराने खरेच मन लावून काम केले. बांबू भिजवून चपटे केले, तासले, घासले. नवी फ्रेम रुंद पात्यासारखी झाली. मग त्याने सगळ्यांना बोलावले. सावरीची बोंडे फुटण्याचे दिवस होते. वानराने दोन्ही सायकली वाऱ्यात टांगल्या आणि समोरून सावरीचा कापूस सोडला. जुनीच्या नळ्यांमागे तो गरगरत राहिला. नवीच्या अंगावरून मात्र असा निसटून गेला, जणू वाटेत अडथळाच नव्हता.

"हिला सायकल म्हणायचं की मरळ मासा?" साळिंदरमामा म्हणाला. "खवले तेवढे लावायचे राहिलेत."

"मामा, तुमच्या काट्यांतून वारा कधी सरळ गेलाय का? मग बोलू नका," वानर म्हणाला, आणि सगळे हसले.

शेकरूताईही हसली, पण तिची नजर जुन्या सायकलकडे होती. वानराने ती हिरड्याच्या फांदीला टांगून ठेवली होती. वाऱ्याने तिचे पुढचे चाक हळूहळू फिरत होते. आपण काही वाईट तर करत नाही ना, असे शेकरूताईला वाटले. पण आईकडे जायचे तर वेग हवाच, असे म्हणत ती नव्या सायकलवर बसली.

पहिल्याच दिवशी ती उशिरा परतली. पूर्वी ती ठरल्या वेळी निघून अर्ध्या सड्यावरून फिरून येई तेव्हा हिरड्याची सावली तिथल्या एका पांढऱ्या दगडापर्यंत आलेली असे. आता सावली दगड ओलांडून गेली होती.

"सवय नाही म्हणून," वानर म्हणाला. दुसऱ्या दिवशी सावली आणखी पुढे. तेव्हा त्याने ब्रेकच्या तारा नळ्यांच्या पोटात घातल्या, म्हणजे बाहेर वाऱ्याला अडायला काही नको. तिसऱ्या दिवशी घंटी काढली. मग हँडल इतके खाली नेले की शेकरूताईला समोर फक्त कातळ दिसे. वानराने दर वेळी कापूस उडवून पाहिला आणि दर वेळी कापूस आधीपेक्षा सुरेख निसटला. सावली मात्र दगडापासून लांबच लांब जात राहिली.

"चूक माझ्याच पायांत असेल," शेकरूताई म्हणाली. तिला रडू येत होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गरुडमहाराज सरावासाठी सगळ्यांनाच मोकळीक देत. त्या दिवशी ती सरावाला गेली, तेव्हा मुंगूसभाऊही मागून येऊन चिकटला. सड्यावर सगळीकडे सावरीचा कापूस उडत होता. परत आल्यावर मुंगूस मजेत म्हणाला, "ताई, एक विनंती आहे. सायकल हवी तशी बदल. शेपटीला तेवढा हात लावू नकोस."

"म्हणजे?"

"तिच्यामागे किती छान आडोसा मिळतो मला. छत्रीच ती. यंदा तर दुप्पट मोठी झालीये." आणि तो शीळ घालत निघून गेला.

शेकरूताईने मान वळवून मागे पाहिले. शेपटी पांढरीशुभ्र झाली होती. फ्रेमवर कापसाचा एक धागा नव्हता. वाटेतला सगळा कापूस शेपटीत अडकून बसला होता.

ती तशीच वानराकडे गेली. "दादा, आता मी बसते. मग कापूस सोडा."

ती बसली. वानराने सायकल मागून धरली आणि ती वाऱ्यात उभी केली. रुंद फ्रेमवर आडवा वारा आला, सायकल जराशी कलली, आणि शेपटी झपकन फुलून उभी राहिली. वानराने मूठभर कापूस सोडला. फ्रेमवरून तो सुरेख निसटला आणि सगळाच्या सगळा शेपटीत जाऊन रुतला.

वानराने डोके खाजवले. "मी रिकाम्या सायकलचा वारा बघत बसलो," तो म्हणाला. "कापायची का शेपटी?"

शेकरूताई एका उडीत हिरड्यावर चढली.

"थट्टा केली गं. ये खाली. तूच तिला जरा दाबून ठेव ना."

"माझ्या हातात असतं तर ठेवली नसती का, दादा? भीती वाटली की ती आपोआप उभी राहते."

"कशाची भीती वाटते, सांग बघू."

शेकरूताई फांदीवरूनच बोलू लागली. "तारा दिसत नाहीत, म्हणून ब्रेक लागेल की नाही याची. आडव्या वाऱ्याने पडेन याची. नळ्या घूं घूं वाजतात, मला वाटतं मागून कुणी आलं. वर बघता येत नाही, म्हणून वर काय असेल याची. घंटी नाही, म्हणून आईला मी आले हे कळणार नाही याची."

"आणि जुनीवर?"

तिने थोडा विचार केला. "जुनीवर फक्त गरुडाची."

वानराने जुनी सायकल खाली उतरवली, तिच्या हँडलवर घंटी पुन्हा लावली, चाकांत हवा भरली आणि साखळीला तेल दिले.

शर्यतीच्या सकाळी गरुडमहाराज उंच कातळावर बसले होते. "आज कुणाला धरणार नाही," ते म्हणाले. "उद्यापासून थैलीवाला सोडून कुणी इथं दिसू नये." त्यांनी हे शेकरूताईकडे बघत म्हटले, की तिला तसे वाटले, कोण जाणे.

मुंगूसभाऊने तिची सायकल पाहिली. "मासा कुठं गेला?"

"टांगून ठेवलाय."

"बरं केलंस. छत्री आणलीस ना? मग झालं."

शर्यत सुरू झाली. शेकरूताई पुढे, मुंगूस मागे. जुन्या सायकलचा प्रत्येक आवाज तिच्या ओळखीचा होता. पायडलची ती कुरकुर, साखळीचे ते खडखडणे. काय वाजते आहे हे ठाऊक असले की दचकायला होत नाही. अर्धा सडा मागे पडला, आणि तेवढ्यात कातळावरून एक मोठी काळी सावली सरकत आली. गरुडमहाराज शर्यत बघायला वर उडाले होते. आज ते धरणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. पण शेपटीला ते कोण सांगणार? ती बुडापासून फुलू लागली. सायकल जड झाली. मुंगूस मागच्या आडोशात खुशीत हसला आणि बाजूने पुढे निघायला सरसावला.

शेकरूताईच्या हाताला काही सुचले नाही. या वळणावर तो रोज जे करी, तेच त्याने केले. घंटी वाजवली.

पलीकडच्या राईतून लगेच उत्तर आले, "टर्र, टर्र, टर्र!" आई घरट्याबाहेर आली होती.

सावली अजून डोक्यावरच होती. पण शेपटी हळूहळू मिटली, खाली आली आणि सायकलमागे वाऱ्यावर आडवी झाली. आणि मुंगसाच्या तोंडावर सड्याचा सगळा वारा एकदम आला.

"ताई," तो धापा टाकत ओरडला, "शेपटी उभी कर की!"

तिने ऐकलेही नाही. पूर्ण एका सायकलीच्या अंतराने ती राईत शिरली, आणि जिंकणाऱ्यासाठी तिथे ठेवलेली तांबडी थैली आईने तिच्या गळ्यात घातली.

संध्याकाळी आई तिच्या शेपटीतला कापूस एकेक करून काढत होती, तेव्हा साळिंदरमामाचा निरोप आला. मुंगूसभाऊने वानराकडून ती माशासारखी सायकल मागून घेतली होती. "मला कशाचीच भीती वाटत नाही, मला चालेल," असे तो म्हणाला होता. वानराने या वेळी त्याला वर बसवून कापूस सोडला, आणि कापूस साफ निसटून गेला होता.

ते ऐकून शेकरूताईची शेपटी पुन्हा उभी राहू लागली. आईने तिच्यावर हात ठेवला. "अजून वर्ष आहे," ती म्हणाली. "घंटी ठेवून नवी सायकल होत नाही का?"

दुसऱ्या दिवशी थैली पाठीला लावून शेकरूताई सडा ओलांडून आली आणि थेट हिरड्याखाली गेली. "दादा, मलाही एक नवी करा. पण घंटी राहू दे, तारा बाहेर दिसू देत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला."

वानराने कापसाची टोपली बाजूला सारली. जुन्या सायकलचे हँडल धरून तो म्हणाला, "बस बघू आधी. आणि मला सांग, भीती कुठं वाटते?"

तात्पर्य : रिकाम्या गाडीवर वारा पाहून तिची चाल कळत नाही; म्हणून सुधारणा करणाऱ्याने आधी गाडीवर बसणाऱ्याच्या जिवाला विचारावे.