बोडक्याची जागा

सकाळचे सात वाजले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जॅकवर उभी होती आणि पुढचं चाक परत बसवायचं होतं. अवजारं आपली कामं आपणच करत, त्या काळातली ही गोष्ट.

पूर्वी ते जड चाक उचलून छिद्राला छिद्र जुळवताना सगळ्यांचा जीव निघायचा. मग एका जुन्या बोल्टाचं डोकं कापून त्याला गाडीकडच्या एका छिद्रात उभं करायची युक्ती निघाली. त्याच्यावर चाक अडकवलं की बाकीची छिद्रं आपोआप समोरासमोर येत. काम सोपं झालं आणि त्या बोल्टाचं नाव पडलं बोडका.

त्या दिवशीही बोडक्याने सगळा भार पेलला. चार बोल्ट बसले. मग बोडका बाहेर आला आणि पाचव्या बोल्टाला म्हणाला, "या दादा, आता तुमची जागा."

पाचवा हलला नाही. "तू बसलास तिथं मी बसू? आमच्यात चालत नाही."

"अहो, गाडीत मुलं बसणार आहेत."

"मग तूच बस की परत," पाना हसला.

"डोक्याशिवाय चाक आवळून कसं धरू?"

"चार पुरेत," कोणीतरी म्हणालं आणि जॅक खाली आला.

रस्त्यावरच्या धक्क्यांनी चारही सैल होत गेले आणि वळणावर चाक निघालं. मुलांसकट गाडी नाल्यात गेली.

चौकशी झाली. त्या रिकाम्या छिद्रात शेवटचा बसलेला बोडकाच होता, म्हणून त्याला भंगारात टाकलं. पाचवा अजून डब्यात आहे, डोक्याला तेल लावून. आणि "चार पुरेत" कोण म्हणालं, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही.