दंडावरचा दोरा

“पण ती मर्यादा घातली कुणी?” यमुमाईंनी विचारलं.

“मीच, माई. ॲपमध्ये तशी सोय आहे. महिन्याला खेळावर किती पैसे लावायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं.” श्रीरंग हसला. “आणि हा जुगार नव्हे हं. खेळाडू निवडून संघ बांधायचा. अभ्यास लागतो त्याला.”

असे खेळ तेव्हा राजरोस चालत. अभ्यासही पुष्कळ जण करत.

अनंतचतुर्दशीची सकाळ होती. कृष्णाकाठच्या मठीत पूजा नुकतीच आटोपलेली. श्रीरंग माईंचा अनुग्रह घ्यायला आला होता. या खेळापायी माहेरी निघून गेलेली त्याची बायको शाल्मली तिथून परस्पर इथेच आली होती. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, माईंनी अनुग्रह दिला तरच घरी येईन.

ती खांबाशी वाती वळत बसली होती. मान वर करत नव्हती.

“मर्यादा वाढवायची झाली तर?” माईंनी विचारलं.

“लगेच वाढते.”

“आणि कमी करायची झाली तर?”

श्रीरंग अडखळला. “त्याला... अर्ज करावा लागतो. उत्तर यायला दोन-तीन दिवस जातात.”

शाल्मलीचा हात थांबला.

“अगोबाई! हे कसलं दार? आत शिरायला नुसतं ढकलायचं, आणि बाहेर पडायला किल्ली?”

“नियमात बसतं ते, माई. खाली लिहिलेलंही असतं, जबाबदारीनं खेळा म्हणून.”

“कोण लिहितं?”

“कंपनीच.”

“म्हणजे शिंक्याला पाटी बोक्यानंच लावली म्हण की!”

श्रीरंगला ते लागलं. “माई, माझ्यावर माझा ताबा आहे.”

“असू दे हो. बस पाटावर.”

माईंनी पूजेतला अनंताचा दोरा घेतला. “उजवा हात पुढे कर. गाठ बसेपर्यंत हलवू नकोस. आजचं तुझं व्रत एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दोरा सावकाश दंडाभोवती फिरला. एक टोक दुसऱ्याखालून निघालं...

मांडीवरचा मोबाइल वाजला. सामन्याची नाणेफेक झाली होती. संघाची निवड बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

पुढचं श्रीरंगला कळलंच नाही.

कळलं तेव्हा दोरा जमिनीवर होता आणि मोबाइल उजव्या हातात. पडद्यावर अक्षरं उमटली होती... आपली मर्यादा वाढवण्यात आली आहे.

श्रीरंग आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याच कुणाचा अंगठा आपल्या हाताला लावलाय, असा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“माई... मी नाही केलं. म्हणजे मीच केलं... पण मी ठरवलं नव्हतं हो!”

शाल्मली उठून उभी राहिली होती. तिनं पिशवी उचलली.

“थांब! जाऊ नकोस. हे बघ, बांधतो. माझा मीच बांधतो.”

त्यानं दोरा उचलून दंडाला गुंडाळला. एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातानं ओढलं. निसटला. पुन्हा गुंडाळला. पुन्हा निसटला. त्याचे डोळे भरून आले.

माई बघत होत्या. हात पुढे करत नव्हत्या.

शेवटी त्यानं दातातलं टोक सोडलं आणि दोरा शाल्मलीपुढे धरला.

तिनं तो घेतला नाही.

“आधी मोबाइल द्या,” ती म्हणाली. “आणि मर्यादा आता मी सांगेन ती. अर्ज आजच करायचा, माझ्यासमोर.”

त्यानं मोबाइल दिला. तिनं पिशवी खाली ठेवली, पाटाशी बसली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं हातात घेतली.

श्रीरंगनं मान खाली घातली. “मला एवढंसुद्धा जमलं नाही, माई. आता कसला अनुग्रह...”

“एका हातानं कुणाला जमलंय, बाळा? दुसऱ्याचा हात लागतोच, म्हणून तर या दोऱ्याला देव म्हणायचं.”