गाडीतलं घर की गाडीमागचं घर

“…पण दोन्हींतली कोणती गाडी दगा देणार नाही, एवढंच सांगा उस्ताद.”

डॉक्टर वासंती बोधनकर हे तिसऱ्यांदा विचारत होत्या.

उस्ताद इब्राहिम जमादार चहा गाळत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी सर्कशीच्या गाड्या चालत्या ठेवल्या होत्या. आता मिरजेबाहेर लिंबाखाली, सर्कशीनं टाकून दिलेल्या एका ट्रेलरमध्येच त्यांचा संसार होता.

बाईंना डोळ्यांचा फिरता दवाखाना घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर जायचं होतं. गेल्या वर्षी त्यांनी भाड्यानं मोटारहोम घेतलं. घाटात इंजिन बसलं आणि त्याच्याबरोबर सगळा दवाखाना बारा दिवस गॅरेजात जाऊन पडला. मोतीबिंदू झालेली एक म्हातारी वाडीवर संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली, मग काठीनं वाट चाचपत घरी गेली. हे कळल्यापासून बाईंना चैन नव्हतं. यंदा जायचंच, हे पक्कं होतं.

त्यांनी वही उघडून वाचून दाखवलं. मोटारहोममध्ये इंजिनापासून नळापर्यंत सगळं एका अंगात. एक अडलं की सगळं अडलं. ट्रेलरला इंजिनच नाही. ओढणारी जीप बिघडली तर दुसरी जोडायची. ट्रेलरमध्ये बिघडायला आहेच काय?

उस्तादांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून जॅक आणि पाना आणून बाईंपुढे ठेवले. आपल्याच ट्रेलरच्या मागच्या चाकाकडे बोट केलं.

“खोला.”

ही कामं माझा ड्रायव्हर करतो, असं बाई म्हणाल्या.

उस्ताद चहा पीत राहिले…

बाईंनी पदर खोचला. पहिला नट हलेचना. पाना निसटला, बोटांची सालं निघाली. शेवटी त्या पान्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे तो कुरकुरला.

तासाभरानं चाक निघालं. आतलं ग्रीस वाळून खपली झालं होतं. बेअरिंगवर तांबूस गंज चढला होता.

“हे शेवटचं कधी उघडलं होतं?” बाईंनी विचारलं.

“आठवत नाही.” उस्तादांनी मान खाली घातली. “इंजिन ओरडतं, बाई. हे गप्प उभं असतं.”



मग त्यांनी रॉकेल मागितलं. बेअरिंग धुतलं, पुसलं, तळहातावर ग्रीस घेऊन त्यात दाबून दाबून भरलं. चाक चढवलं. आणि कुणी न सांगता जॅक उचलून दुसऱ्या चाकापाशी नेला.

दुसरं चाक होईस्तोवर ऊन कललं. कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन बाई उस्तादांसमोर येऊन उभ्या राहिल्या. वही कुठे ठेवली, हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“मग कोणती घेऊ?”

उस्तादांनी त्या हातांकडे पाहिलं…

“आता कोणतीही घ्या.”