मनवैद्याने घेतलेला भोपळा

दर पौर्णिमेला उपोसथाचा उपवास धरायचा आणि चारचौघींना बुद्धांच्या पूर्वजन्मीची एक जातककथा सांगायची, असे व्रत मी एकदा घेतले होते. ही त्यातलीच.

पूर्वी इरावती नगरीत सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मनवैद्याच्या कुळात जन्मले. माणसांची दुःखे ऐकून ती हलकी करायची, हे त्यांचे काम. श्रीमंत दक्षिणा देत. गरिबांचे फुकट ऐकावे म्हणून राजाने वर्षासन बांधून दिले होते. गरिबाकडून काही घेतले, की वर्षासन बंद.

तिथे सोणा नावाची माळीण होती. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती, घास उतरत नव्हता. शेजारणींनी तिला मनवैद्यांकडे ओढत आणले.

“कशी आहेस, बाई?”

“बरी आहे, वैद्यबाबा.”

रोज हेच. आत नुसते भडभडत होते. पण फुकटात बसायचे आणि वर गाऱ्हाणे गायचे, हे सोणाच्या जिवाला पटेना. ती वाळून काडी झाली.

बोधिसत्त्वांनी ओळखले. “उद्यापासून दक्षिणा लागेल. परसात काय आहे?”

“भोपळे.”

“मग एक आण.”

दुसऱ्या दिवशी सोणाने भोपळा धपकन समोर ठेवला आणि पदर खोचला. “आता ऐका! मेला दुखणं अंगावर काढून गेला, मला एका शब्दानं बोलला नाही. वर परसभर वेल लावून ठेवलेत! एकटीनं किती भोपळे खायचे मी?”

दुपार झाली. बोधिसत्त्व जेवायला उठू लागले.

“बसा! भोपळा घेतलाय ना?”

ते बसले. मग मात्र सोणा पोटभर रडली, आणि संध्याकाळी पोटभर जेवली.

राजाला कळले. “एका भोपळ्यापायी वर्षासन घालवलंत?”

“महाराज, त्या वर्षासनानं माझं पोट भरत होतं, पण तिचं तोंड बंद होत होतं. ते तुम्ही ठेवा, भोपळा मी ठेवतो.”

पुढे सगळे गरीब आपापल्या परसातले घेऊन येऊ लागले. त्या साली भोपळ्याचे पीक अमाप आले होते. बोधिसत्त्वांनी वर्षभर दुसरी भाजी पाहिली नाही.

ही कथा भिक्षुसंघाला सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे आपल्या विहाराचा आजचा भांडारी. सोणा म्हणजे ही समोरची भिक्षुणी, जी अजून कोणाला मध्ये बोलू देत नाही. आणि मनवैद्य मीच होतो.” समोरच्याचा मान राखणारी करुणा ती हीच.

तर बायांनो, तुम्ही कोणाचे भले कराल, आणि ती ओंजळभर काही पुढे करील, तेव्हा “राहू दे गं” म्हणू नका. घ्या.